“धरण कुठे आहे?” : हार्वी वादळातले आमचे पाच दिवस

ओसरी

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर नवा_ह्यूस्टनकर यांनी विचारलं होतं, “केटीकडे घर बघतोय, वादळाचा त्रास कितपत?” (केटी म्हणजे टेक्सासमधल्या ह्यूस्टनचं पश्चिमेकडचं उपनगर.) खाली सगळ्यांनी वाऱ्याबद्दलच लिहिलं. छप्पर, खिडक्यांना प्लायवूड, जनरेटर. २०२४ चं बेरिल वादळ सगळ्यांच्या लक्षात आहे, तेव्हा साहजिकच. मला तिथे चार ओळी लिहायच्या होत्या, त्या वाढत गेल्या म्हणून हा वेगळा धागा.

२०१७ साल. लेक नऊ वर्षांची, मुलगा चारचा. सासूबाई (आम्ही आईच म्हणतो) पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, म्हणून त्या वर्षी गणपती दीडाऐवजी पाच दिवसांचा ठेवायचं ठरलं. चतुर्थी शुक्रवारी होती, २५ ऑगस्टला.

हार्वीची आम्ही आधी चेष्टाच केली होती. कॅरिबियन समुद्रात ते विरून गेलं होतं, नाव पुसल्यात जमा. बुधवारी ते मेक्सिकोच्या आखातात पुन्हा जमलं आणि शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास कॅटेगरी चार होऊन रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं. ताशी १३० मैल वारा. आम्ही आरती उरकून टीव्हीसमोर. रॉकपोर्ट आमच्यापासून अडीचशे किलोमीटरवर. नवऱ्याने टीव्ही बंद करत जाहीर केलं, “सुटलो. वारा तिकडे लागला.”

शनिवारी सकाळी मधून मधून ऊनसुद्धा पडलं. शेजाऱ्यांना मोदक दिले. रात्री मात्र फोन ओरडायला लागले, टोर्नेडोचा इशारा, एकदा, दोनदा, मग मोजायचं सोडलं. दर वेळी पाचही जण जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्युम क्लीनर आणि ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यांमध्ये. आई म्हणाल्या, “त्याला बाहेर एकट्याला ठेवून आपण कपाटात बसायचं, हे काही बरं दिसत नाही.” पुढच्या इशाऱ्याला गणपतीही आत.

रविवारी पाऊस कसा होता हे लिहून समजणार नाही. सर येते आणि जाते हे आपल्याला माहीत असतं. ही सर आली आणि गेलीच नाही. रस्त्याचा ओढा झाला, पाणी गॅरेजच्या दारापाशी टेकलं, दुपारी मात्र ओसरलं. आम्हाला वाटलं, जिंकलो. पिठलं-भात केला.

संध्याकाळी फोनवर बातमी आली की अॅडिक्स आणि बार्कर जलाशयांतून पाणी सोडणार आहेत. नवरा म्हणाला, ते खालच्या अंगाला जाणार, शहराकडे, आपण वरच्या अंगाला, आपला काय संबंध? तेव्हा आईंनी विचारलं, “अरे, पण धरण कुठे आहे?”

कुणालाच माहीत नव्हतं. सहा वर्षं राहत होतो तिथे. नवऱ्याने फोनवर नकाशा काढला. मोठा केला, लहान केला, मग फोन तिरका धरला. दर रविवारी ज्या जॉर्ज बुश पार्कमध्ये आम्ही सायकली फिरवायचो, ते पार्क म्हणजेच बार्कर जलाशयाचा तळ. एरवी कोरडा असतो, म्हणून तिथे मैदानं, सायकलची वाट, हरणं. हायवे सिक्सकडे जाताना दिसणारा गवताळ उंचवटा म्हणजे धरणाची भिंत. आणि आमचं घर त्या भिंतीच्या आतल्या बाजूला.

आई १९६१ साली, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा, अकरा वर्षांच्या होत्या, नारायण पेठेत. पुण्याच्या लोकांना पुढचं सांगायला नको. त्या शांतपणे उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “धरणाचं पाणी आवाज न करता पण येतं. उद्या नाही, आत्ता उचलायला घ्या.”

(मुलाला शाळेतून आणायचंय. उरलेलं संध्याकाळी.)

फणसपोळी

बापरे. इथे आणून सोडलंत! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

अंशतः_ढगाळ

ओसरीताई, पुढचं येईपर्यंत थोडी माहिती घालतो.

तुमच्या यजमानांचं “सुटलो” हे वाक्य ह्यूस्टनमध्ये त्या रात्री लाखभर घरांत उच्चारलं गेलं असेल, आणि त्यात त्यांची चूक नाही. कॅटेगरी हा आकडा फक्त वाऱ्याचा आहे. सॅफिर-सिम्पसन श्रेणीत पूर्वी समुद्राच्या उधाणाची उंची आणि केंद्रातला दाबही धरत. २०१० पासून ते दोन्ही काढले. पाऊस त्या श्रेणीत कधीच नव्हता. २००१ चं अॅलिसन तर हरिकेन झालंच नाही, साधं उष्णकटिबंधीय वादळ, आणि तरी त्याने ह्यूस्टनची सगळी इस्पितळांची वसाहत पाण्याखाली घातली.

हार्वीचं दुखणं म्हणजे ते थांबलं. वादळाला पुढे ढकलणारे वरच्या थरांतले वारे त्या आठवड्यात इतके मंद होते की ते टेक्सासच्या किनाऱ्यापाशी घुटमळत राहिलं आणि आखातातलं कोमट पाणी उपसून जमिनीवर ओतत राहिलं. ह्यूस्टनला वर्षभरात साधारण ५० इंच पाऊस होतो. टेक्सासमधल्याच नेदरलंड गावी त्या एका वादळात ६०.५८ इंच मोजला गेला. हवामान खात्याला पावसाच्या नकाशात जांभळ्याच्या दोन नव्या छटा घालाव्या लागल्या, कारण जुने रंग संपले.

रिटाग्रस्त

कुणीतरी “मग आधीच का नाही निघालात?” असं विचारणारच, म्हणून मीच लिहितो.

सप्टेंबर २००५. कॅट्रिना वादळाला महिनाही झाला नव्हता, न्यू ऑर्लीन्सची दृश्यं डोळ्यांसमोर होती, आणि रिटा यायला निघालं. सगळं ह्यूस्टन एकाच वेळी रस्त्यावर. आम्ही डॅलसला निघालो, एरवी चार तास. एकोणीस तासांत हंट्सव्हिलसुद्धा गाठलं नाही. एसी बंद, कारण पेट्रोल वाचवायचं. बाहेर शंभर फॅरनहाइट. शेवटी उलटे फिरलो आणि रिकाम्या रस्त्याने तासाभरात घरी! रिटा मग पूर्वेला वळलं. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली, २३ जण गेले. त्या पळापळीत एकूण शंभराच्या वर माणसं दगावली, वादळाने मारली त्यापेक्षा जास्त.

२०१७ मध्ये महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांनी शहर रिकामं करायचा आदेश दिला नाही, राज्यपाल मात्र जमेल त्यांनी निघा म्हणत होते. टर्नर यांच्यावर खूप टीका झाली. मी त्या एकोणीस तासांत बसलेला माणूस आहे, मी टीका केली नाही.

टॅम्पाकर

आमच्याकडे फ्लोरिडात उलटा अनुभव. इयन वादळ, सप्टेंबर २०२२. सगळे अंदाज टॅम्पाकडे, आम्ही सामान बांधून ऑर्लँडोला. ते दक्षिणेला सरकलं आणि फोर्ट मायर्सवर गेलं. टॅम्पाच्या उपसागरातलं पाणी उलट आत ओढलं गेलं, तळ उघडा पडला, लोक त्यावर चालत होते. चालू नका, पाणी परत येतं, हे पोलिसांना ओरडून सांगावं लागलं.

ओसरी

आले. रिटाग्रस्त, आभार. मला तेच दहा वेळा समजवावं लागतं.

तर रविवारची रात्र. आम्ही दोघं महागाच्या वस्तूंकडे धावलो. नवरा टीव्हीचे स्क्रू काढतोय, मी लॅपटॉप गोळा करतेय. आईंनी थांबवलं. “खालचे कप्पे आधी. जे जमिनीपासून गुडघ्यापर्यंत आहे ते उचला, किमतीचा विचार करू नका. वरचं वरच राहतं.” साधी गोष्ट, पण आम्हाला सुचली नव्हती. आमचे पासपोर्ट आणि ग्रीन कार्डाची फाइल सगळ्यात खालच्या खणात होती. टीव्ही भिंतीवर चार फुटांवर होता, त्याला पाणी लागलंच नाही शेवटपर्यंत.

मग तांदूळ, डाळ, पिण्याच्या पाण्याचे कॅन, औषधं, मुलाचं पांघरूण, एक खुर्ची आईंसाठी, सगळं वर. बाथटब भरून ठेवला. मला वाटलं हा जुन्या बायकांचा सोस. पुढचे दोन दिवस संडासात टाकायला तेच पाणी होतं.

सोमवारी आमच्या भागाला घरं सोडण्याची सूचना आली. गाडी काढली, दोन चौक गेलो, पुढे बोनेटपर्यंत पाणी. परत.

मंगळवारी पाऊस जवळजवळ संपला आणि घरात पाणी आलं. दारातून नाही. आधी खालच्या न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे आले. मग भिंतीच्या कडेकडेने कार्पेट काळं पडत गेलं, शाई पसरावी तसं. मेन स्विच बंद केला आणि फ्रिजची घरघर थांबली, तेव्हा पहिल्यांदा पोटात खड्डा पडला. मी जिन्यात बसून पायऱ्या मोजत होते. दुपारी एक पायरी गेली, चारच्या सुमारास दुसरी. लाट नाही, धार नाही. काठोकाठ भरणारं, गप्प, तपकिरी पाणी, त्यावर आमच्या चपला आणि लाल मुंग्यांचे तरंगते गोळे. हो, त्या एकमेकींना धरून तराफा करतात. काठीनेही डिवचू नका.

बोट पाच वाजता आली. लुइझियानाहून स्वतःची मासेमारीची बोट ओढत आलेला एक पन्नाशीचा माणूस आणि त्याचा मुलगा. कुणी पाठवलं नव्हतं, आपणहून आलेले. त्यांच्याकडच्या अशा लोकांना काजून नेव्ही म्हणतात.

त्या दिवशी पाचवा दिवस, विसर्जन. लेक म्हणाली, “आजी, पाणी आलंच आहे, इथेच करूया ना?” आई कडाडल्या, “ह्या गटाराच्या पाण्यात? वेड लागलंय का?” वरच्या खोलीत उत्तरपूजा केली, मूर्तीला टॉवेलात गुंडाळलं आणि सहलीला न्यायचा बर्फाचा डबा असतो ना, त्यात बसवलं. बोटवाल्याने डब्याकडे बघून विचारलं, “इन्सुलिन?” नवरा म्हणाला, “नाही, गॉड.” त्याने एक क्षण विचार केला, मान हलवली आणि डबा बोटीच्या मध्यावर, सगळ्यात स्थिर जागी ठेवला. मुलाला म्हणाला, “ह्याला पाय लावू नकोस.”

विसर्जन मध्यरात्री, मित्राच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, बादलीत. मूर्ती शाडूची होती, सकाळपर्यंत विरघळली.

बुधवारी उठलो तर निळंशार आकाश. आमच्या घरात सगळ्यात जास्त पाणी त्या दिवशी होतं. शेजाऱ्याने ड्रोनमधून फोटो पाठवला: लखलखीत ऊन, पांढरे ढग, आणि आमच्या घराला कमरेइतकं पाणी.

फणसपोळी

“नाही, गॉड” वाचून हसले आणि मग डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे श्रीवर्धनला निसर्ग वादळात (३ जून २०२०) सगळा वाराच होता. दोन तासांत वाडी आडवी. नारळी-पोफळी पुन्हा उभी राहायला वर्षं लागतात. आईंना नमस्कार सांगा.

बफेलोकाठ

मी लिहू की नको असा विचार करत होतो.

आम्ही धरणाच्या खालच्या अंगाला राहायचो, बफेलो बायू या नदीच्या काठी. रविवारचा सगळा पाऊस आमच्या घराने कोरड्याने काढला. रविवारची मध्यरात्र उलटल्यावर दरवाजे उघडले, आणि त्यानंतर घर भरलं. दोन आठवडे पाणी उतरलं नाही, कारण विसर्ग चालूच होता. तुमच्याकडचं पाणी उतरावं म्हणून आमच्याकडे सोडलं, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणत. अजून म्हणतात.

ओसरीताई, तुमच्यावर राग नाही. पण त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात वरच्या बाजूचे आणि खालच्या बाजूचे वेगवेगळ्या टेबलांवर बसले होते, हे तुम्हालाही आठवत असेल.

कृष्णाकाठचा

सांगलीतून रामराम. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात सात फूट पाणी होतं. इकडे खालच्या अंगाच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव घेतलं की पंगतीत भांडण ठरलेलं. कोयनेवाले एक सांगतात, अलमट्टीवाले दुसरं. ह्यूस्टनलाही तेच चालतं हे वाचून का कोण जाणे, जरा बरं वाटलं.

ओसरी

बफेलोकाठ, आठवतं. मी वरच्या टेबलावर होते. आमच्या टेबलावर चर्चा होती की दरवाजे एक दिवस आधी उघडले असते तर आपण वाचलो असतो. तुमच्या टेबलावर काय चालू असेल याची कल्पना होती, म्हणून जेवण घ्यायला मी लांबून फिरून गेले. भित्रेपणाच तो.

अंशतः_ढगाळ

भांडणाचं मूळ जुनं आहे. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनी ह्यूस्टनचा मध्यभाग बुडाला, म्हणून १९४० च्या दशकात लष्कराच्या अभियंत्यांनी हे दोन्ही मातीचे बांध घातले. तेव्हा आजूबाजूला गवताळ रान आणि भातशेती. जलाशय पूर्ण भरला तर जिथवर पाणी पसरेल ती सगळी जमीन मात्र सरकारने विकत घेतली नाही. उरलेल्या पट्ट्यात पुढे वसाहती झाल्या.

न्यायालयातही दोन टेबलंच झाली. वरच्या अंगाच्या घरमालकांच्या बाजूने डिसेंबर २०१९ मध्ये निकाल लागला, सरकारवर जबाबदारी आली. खालच्यांचा दावा दोनच महिन्यांनी दुसऱ्या न्यायाधीशांनी फेटाळला. २०२२ मध्ये अपिलात तो पुन्हा जिवंत झाला.

लेखाजोखा

विम्यात काम करते, म्हणून नव्या घरवाल्यांसाठी. नेहमीच्या घराच्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. छप्पर उडून आत पाऊस आला तर पैसे मिळतात, जमिनीवरून वाहत आलं तर नाही. पुरासाठी केंद्र सरकारच्या योजनेचा वेगळा विमा असतो: इमारतीला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर, आतल्या सामानाला १,००,०००. तो घेतल्यावर साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. वादळाला नाव पडल्यावर फोन करणाऱ्यांना आम्ही दरवर्षी हेच सांगतो आणि दरवर्षी शिव्या खातो.

नकाशात घर “पूरक्षेत्राबाहेर” असेल तर कर्ज देणारी बँक सक्ती करत नाही. हार्वीत बुडालेल्या घरांपैकी कितीतरी त्या रेषेबाहेरची होती.

ओसरी

आम्ही त्यांतलेच. रेषेबाहेर, विमा नाही.

नवव्या दिवशी घरात गेलो. दार फुगलं होतं, खांद्याने ढकललं. वास मी अजून विसरले नाही, ओल्या पुठ्ठ्यात कुजका बटाटा आणि डिझेल. भिंतीवर ३१ इंचांवर सरळ रेघ, पट्टीने आखावी तशी. आई व्हिडिओकॉलवरून बघत होत्या (त्यांना तोवर मित्राकडेच ठेवलं होतं), म्हणाल्या, “चिखल वाळायच्या आत खरवडा. वाळला की दगड.”

फ्रिज उघडायचा नसतो. चिकटपट्टीने गुंडाळून तसाच रस्त्याकडेला. शेजाऱ्याने उत्सुकतेपोटी उघडला, त्याला विचारा. भिंतींचे जिप्समचे पत्रे चार फुटांपर्यंत कापून काढले, कारण पाणी त्यात वर चढतं, रेघेच्या वरही ओल असते. आतला कापूस पिळला तर धार लागायची. मग आठवडाभर पंखे आणि हवा सुकवणारी यंत्रं, रात्रंदिवस. एका देवळाचे स्वयंसेवक, एका चर्चचे आणि लेकीच्या वर्गातल्या मुलांचे आईबाप, अनोळखी माणसं आमच्या न्हाणीघराच्या भिंती फोडत होती. माझ्या स्वयंपाकघराचा ढीग रस्त्याकडेला सहा फूट उंच होता. त्यात एका बाजूला माझा पोळपाट दिसत होता. तो मी उचलून आणला, घासला, उकळत्या पाण्यात बुडवला, आणि तरी वापरू शकले नाही. फेकवतही नाही. गॅरेजात आहे.

उभं राहायला अकरा महिने लागले. थोडी सरकारी मदत, बरंचसं कर्ज, निवृत्तीच्या पैशांना हात.

आता नवा_ह्यूस्टनकर यांच्यासाठी. त्या अकरा महिन्यांत नवरा एकदा वसाहतीचा नोंदणीकृत आराखडा काढायला गेला. तो सगळ्यांना बघायला मिळतो, मागितला की देतात. त्यावर टिपांमध्ये बारीक अक्षरात एक वाक्य होतं: ही वसाहत बार्कर जलाशयाला लागून असून तिच्यात नियंत्रित पाणी दीर्घकाळ साचू शकतं. १९९० च्या दशकातलं वाक्य. घर विकणाऱ्याने दाखवलं नाही, एजंटने नाही, आणि खरेदीच्या दिवशी आम्ही ज्या शंभरेक सह्या केल्या त्यांत हा कागद नव्हताच. म्हणजे ते वाक्य लपवलेलं नव्हतं. फक्त जिथे कुणी जात नाही तिथे ठेवलं होतं. याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रिटाग्रस्त

आणि तरी तुम्ही तिथेच आहात?

ओसरी

आहोत. लेकीची शाळा, नवऱ्याची नोकरी, आणि बुडालेलं घर त्या वर्षी काय भावाने गेलं असतं? आता पुराचा विमा आहे. खालच्या मजल्यावर कार्पेट नाही, फरशी आहे. खालचे कप्पे रिकामे असतात. नवरा हसतो, पण तोही तिथे काही ठेवत नाही.

आई २०१९ मध्ये पुन्हा आल्या होत्या. विमानतळावरून येताना हायवे सिक्सवर त्यांनी गाडी हळू करायला लावली, त्या उंचवट्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “हेच होय ते. दिसायला काहीच नाही गं.”

बफेलोकाठ

ताई, मूर्तीचा डबा अजून आहे का?

ओसरी

आहे. दर वर्षी गणपती त्यातूनच येतो. झाकणाची एक कडी तुटली आहे, दोरी बांधतो. या वर्षी या दर्शनाला. टेबल एकच असेल.

नवा_ह्यूस्टनकर

सगळं वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं. ज्या घरासाठी विचारलं होतं त्याचा आराखडा काल मागवला. दुसऱ्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, ते वाक्य आहे.

शनिवारी दुसरं घर बघायला जायचंय. एजंटने कळवलंय, “मागे मोठं मोकळं पार्क आहे, मुलांना छान.” बायको विचारतेय, पार्क कुठल्या भिंतीच्या कुठल्या बाजूला आहे. नकाशा उघडून बसलोय.